रक्षकांचा संघ आणि नागरिकाची दाद

बोस्टन हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक जुने शहर. विद्यापीठे, ग्रंथालये आणि नागरी शिस्त यांचा त्याला पूर्वापार अभिमान. या शहरात ९ सप्टेंबर १९१९ रोजी सायंकाळी पावणेसहा वाजता, पोलिसांची पाळी बदलण्याच्या वेळी, ठाण्याठाण्यांतून शिपाई बाहेर पडले आणि पहाऱ्यावर जाण्याऐवजी सरळ आपापल्या घरी निघून गेले. १,५४४ जणांच्या दलातील १,११७ जण त्या दिवशी संपात सामील झाले. रात्र चढू लागली तसे भर रस्त्यात जुगाराचे फड मांडले गेले, दुकानांच्या काचा फुटल्या, माल लुटला गेला. दुसऱ्या दिवशी राज्याचे रक्षक दल शहरात उतरले, गोळीबार झाला आणि काही जणांचे प्राण गेले. चार-पाच दिवसांत शहर शांत झाले. संपात गेलेल्या शिपायांना मात्र पुन्हा कधीही नोकरीवर घेण्यात आले नाही.

श्रोतेहो, पोलिसांनी संघ स्थापावा की स्थापू नये, आणि स्थापल्यास त्या संघाचा अधिकार कोठपर्यंत चालावा, हा प्रश्न त्या रात्रीपासून लोकशाही राष्ट्रांच्या पुढे उभा आहे. त्याचे शंभर वर्षांचे सगळे पदर आजच्या अवधीत उलगडणे शक्य नाही. त्यातला एकच धागा मी आपल्यापुढे ठेवणार आहे. वरिष्ठांच्या लहरीपासून शिपायाला संरक्षण मिळावे म्हणून जी भिंत बांधली गेली, तीच भिंत पुढे नागरिकाच्या तक्रारीच्या आड कशी आली, हा तो धागा होय.

बोस्टनच्या शिपायांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई सुमारे पाऊणपट वाढली होती, आणि जुन्या अनुभवी शिपायालाही वर्षाकाठी १,४०० डॉलरांहून अधिक वेतन मिळत नव्हते. त्यातूनच गणवेशाचा खर्च करावयाचा, आणि तो २०० डॉलरांच्या पुढे जाई. दिवसपाळीच्या शिपायाचा आठवडा ७३ तासांचा, रात्रपाळीच्याचा ८३ तासांचा, आणि कैद्यांच्या गाडीवर नेमलेल्याचा ९८ तासांचा असे. काम संपले तरी ठाण्यात झोपावे लागे, आणि त्या ठाण्यांतील बिछान्यांत ढेकणांचे राज्य असे. दाद मागावी तर ती कोणाकडे? दलावरचा अधिकार शहराच्या महापौराकडे नव्हता. राज्यपालाने नेमलेले आयुक्त एडविन कर्टिस हेच सर्वाधिकारी होते, आणि खालच्या माणसाने काही मागावे ही कल्पनाच त्यांना बेशिस्तीची वाटत असे.

अशा स्थितीत शिपायांनी त्या काळच्या अमेरिकन कामगार महासंघाकडून सनद घेऊन आपला संघ स्थापिला. आयुक्तांनी बाहेरच्या संघटनेशी संबंध ठेवण्यास मनाई केली आणि संघाच्या १९ पुढाऱ्यांना निलंबित केले. शहरातील प्रतिष्ठित नागरिकांच्या एका समितीने तडजोड सुचविली होती. शिपायांचा संघ असावा, परंतु तो कामगार महासंघाशी जोडलेला नसावा, अशी ती मध्यम वाट होती. आयुक्तांनी ती झिडकारली. शिपायांनी मतदान केले, तेव्हा संपाच्या बाजूने १,१३४ मते पडली आणि विरुद्ध केवळ दोन.

मॅसॅच्युसेट्स राज्याचे राज्यपाल त्या वेळी कॅल्विन कूलिज हे होते. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा अधिकार कोणालाही, कोठेही आणि कधीही असू शकत नाही, अशा आशयाची तार त्यांनी कामगार नेते सॅम्युएल गॉम्पर्स यांना पाठविली. ती तार देशभर गाजली. कूलिज १९२० च्या निवडणुकीत उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि १९२३ साली राष्ट्राध्यक्षपदी पोहोचले. दैवाचा खेळ असा की, बडतर्फ शिपायांच्या जागी जे नवे लोक भरती झाले त्यांना वाढीव वेतन आणि फुकट गणवेश या दोन्ही गोष्टी न मागता मिळाल्या. मागणी रास्त होती, हे सरकारने मागणाऱ्यांना हाकलून दिल्यानंतर मान्य केले.

याच सुमारास इंग्लंडातही हेच नाटक घडत होते, परंतु त्याचा शेवट निराळा झाला. लंडनच्या सुमारे बारा हजार पोलिसांनी ३० ऑगस्ट १९१८ रोजी संप केला. महायुद्ध अजून चालू होते, आणि पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना वेतनवाढ देऊन तो मिटवावा लागला. पुढे लॉर्ड डेस्बरो यांच्या समितीने पोलिसांच्या वेतनाचा आणि सेवाशर्तींचा बारकाईने विचार करून भरीव सुधारणा सुचविल्या. १९१९ च्या पोलीस कायद्याने स्वतंत्र संघाला बंदी केली, पण तिच्याबरोबर ‘पोलीस फेडरेशन’ नावाची एक कायदेशीर संस्था निर्माण केली. गाऱ्हाणी मांडण्याची सोय या संस्थेत होती, संप करण्याची नव्हती. त्या कायद्याविरुद्ध १९१९ च्या ऑगस्टमध्ये जो दुसरा संप झाला तो फसला आणि त्यातील दोन हजारांहून अधिक पोलीस कायमचे नोकरीस मुकले. तरीही ब्रिटिश सरकारला एक गोष्ट उमगली होती. तोंड बंद करावयाचे असेल तर पोट भरले पाहिजे, आणि गाऱ्हाणे सांगण्यास एखादी खिडकी उघडी ठेवली पाहिजे. अमेरिकेने ती खिडकी उघडली नाही. आपल्याकडील म्हणीप्रमाणे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तेथील शिपायाची गत झाली.

बोस्टनच्या धसक्याने पुढची चाळीस वर्षे अमेरिकेत पोलिसांच्या संघांनी फारसे डोके वर काढले नाही. जे संघ होते ते परस्पर साहाय्याचे होते. मृत सहकाऱ्याच्या विधवेला मदत करावी, आजाऱ्याला पैसे द्यावेत, वर्षातून एकदा स्नेहभोजन करावे, इतकेच त्यांचे कार्य. त्या काळी अनेक शहरांत पोलीस खाते स्थानिक राजकारण्यांच्या मुठीत होते. निवडणुकीत सत्ता पालटली की शिपायांच्या बदल्या होत. शिक्षा कोणाला व्हावी आणि कोणाला होऊ नये, हे अपराधापेक्षा ओळखीवर अवलंबून असे. वरिष्ठाची मर्जी फिरली तर बचावाची संधी न मिळता माणूस घरी बसे. या मनमानीची आठवण पिढ्यान्पिढ्या टिकली. शिक्षेची चौकशी नियमानुसार व्हावी, आपली बाजू ऐकून घेतली जावी, ही मागणी शिपायांच्या मनात वेतनवाढीइतकीच खोल रुजली. पुढे जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

मग १९६० चे दशक उजाडले. या दशकात अमेरिकेत हक्कांचे दोन प्रवाह एकाच वेळी वाहू लागले. सरकारी नोकरांना आपल्या मालकाशी, म्हणजे शहराशी किंवा राज्याशी, सामुदायिक वाटाघाटी करण्याचा अधिकार ठिकठिकाणी मिळू लागला, आणि त्यात पोलीसही होते. बोस्टनच्या शिपायांनीही १९६५ साली आपला नवा संघ स्थापिला. दुसरा प्रवाह कृष्णवर्णीय नागरिकांच्या समतेच्या चळवळीचा. रस्त्यावर अडवून केलेली दमदाटी, ठाण्यात झालेली मारहाण, किरकोळ कारणावरून झाडलेली गोळी, यांविरुद्ध दाद कोठे मागावी, असे ही चळवळ विचारीत होती. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसांकडेच नोंदवावयाची आणि तिचा निकालही पोलिसांनीच द्यावयाचा, ही रीत त्यांना मान्य नव्हती. फिलाडेल्फिया शहराने १९५८ साली नागरिकांचे एक सल्लागार मंडळ नेमून या दिशेने पाऊल टाकले. तेथील पोलीस संघाने त्याला न्यायालयात खेचले, आणि १९६९ च्या अखेरीस ते मंडळ गुंडाळले गेले. या दोन प्रवाहांची खरी टक्कर मात्र न्यूयॉर्कमध्ये झाली.

जुलै १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने जेम्स पॉवेल हा पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा ठार झाला, आणि हार्लेम व ब्रुकलिन या भागांत अनेक रात्री दंगली पेटल्या. पुढल्या वर्षी महापौरपदाच्या निवडणुकीत जॉन लिंडसे यांनी आश्वासन दिले की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळावर आपण खात्याबाहेरील नागरिक नेमू. निवडून आल्यावर १९६६ च्या जुलैत त्यांनी ते पुरे केले. सात जणांच्या मंडळात चार नागरिक आणि तीन पोलीस अधिकारी होते. या मंडळाला शिक्षा देण्याचा अधिकारसुद्धा नव्हता. चौकशी करावी आणि शिफारस करावी, शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचा, इतकी ती मर्यादित व्यवस्था होती.

तरीही शहरातील शिपायांचा संघ तिच्याविरुद्ध सर्व शक्तीनिशी उभा राहिला. संघाचे अध्यक्ष जॉन कॅसीज यांनी सह्या गोळा करून हा प्रश्न सार्वमतास टाकण्यास भाग पाडले आणि प्रचाराची राळ उडविली. त्या प्रचारातील एक भित्तिचित्र फार गाजले. भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून एक गोरी तरुणी रात्री एकटी वर येत आहे आणि पुढे काळोखा रस्ता आहे, असे ते चित्र. तिचे प्राण आणि तुमचेही प्राण हे मंडळ बंद पडण्यावर अवलंबून आहेत, असा त्याखालच्या मजकुराचा आशय होता. तक्रारीच्या भीतीने पोलिसाचा हात आखडेल आणि गुन्हेगार मोकाट सुटतील, हा त्यातला युक्तिवाद. सिनेटर रॉबर्ट केनेडी आणि सिनेटर जेकब जाविट्स हे निरनिराळ्या पक्षांचे दोन नेते मंडळाच्या बाजूने उभे राहिले. कृष्णवर्णीय पोलिसांची ‘गार्डियन्स’ ही संघटनाही आपल्याच सहकाऱ्यांच्या विरोधात जाऊन मंडळाला पाठिंबा देती झाली. गणवेश अंगावर असला तरी त्या शिपायांची मुलेबाळे त्याच मोहल्ल्यांत राहत होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. परंतु ८ नोव्हेंबर १९६६ रोजी मतमोजणी झाली तेव्हा मंडळ बंद करण्याच्या बाजूने सुमारे १३ लाख आणि ते चालू ठेवण्याच्या बाजूने सुमारे साडेसात लाख मते पडली. चार महिन्यांचे ते मंडळ संपुष्टात आले.

श्रोतेहो, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये ज्या शिपायाला आपल्या आयुक्तापुढे तोंड उघडता येत नव्हते, त्याच शिपायाच्या संघाने आता देशातील सर्वांत मोठ्या शहराच्या महापौराला धूळ चारली होती. दुर्बळाचा आधार म्हणून जन्मलेली संस्था प्रबळ झाली होती. तिच्या सामर्थ्याची चव राजकारण्यांनी घेतली आणि ते सावध झाले. निवडणुकीत पोलीस संघाचा पाठिंबा मिळविणे हे यानंतर कितीतरी शहरांत उमेदवारांचे महत्त्वाचे काम होऊन बसले.

यापुढचा अध्याय रस्त्यावर घडला नाही. तो करारांच्या कलमांत आणि विधिमंडळांच्या दप्तरांत घडला, म्हणून त्याचा गाजावाजाही झाला नाही. शहराच्या तिजोरीत पैसा कमी असला म्हणजे वेतनवाढ देणे जड जाते. मग वाटाघाटीला बसलेले अधिकारी वेतनाऐवजी शिस्तीच्या नियमांत सवलत देऊ लागले. अशा सवलतीला त्या दिवशी एक डॉलरही पडत नाही. तिची किंमत पुढे कोणीतरी तिसरा मोजतो, आणि तो वाटाघाटीच्या मेजावर हजर नसतो. मेरिलँड राज्याने १९७४ साली पोलीस अधिकाऱ्यांच्या हक्कांची खास सनद कायद्याने मंजूर केली. आरोप असलेल्या अधिकाऱ्याला वकील किंवा प्रतिनिधी मिळावा म्हणून त्याची जबानी दहा दिवसांपर्यंत पुढे ढकलता येई. मारहाणीची तक्रार शपथेवर आणि ठरावीक मुदतीत केली तरच तिची दखल घेतली जाई. निवाडा करणारे मंडळ त्याच्याच व्यवसायबंधूंचे असे. इतर अनेक राज्यांनी हा कित्ता गिरविला. न्यूयॉर्क राज्याने १९७६ साली कायदा करून पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी जनतेच्या नजरेआड नेल्या.

या साखळीतील सर्वांत बळकट कडी म्हणजे लवाद. पोलीस प्रमुखाने एखाद्याला बडतर्फ केले तर करारानुसार प्रकरण लवादापुढे जाते, आणि लवाद पूर्वीच्या शिक्षांशी तुलना करून निर्णय देतो. पूर्वी अशाच अपराधाला सौम्य शिक्षा झाली असेल, तर आजची कठोर शिक्षा टिकत नाही. म्हणजे कालची ढिलाई हीच आजच्या ढिलाईची सबब ठरते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने २०१७ साली मोठ्या पोलीस खात्यांची कागदपत्रे तपासून दाखविले की, २००६ पासून गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्या १,८८१ अधिकाऱ्यांपैकी ४५१ जणांना अशा अपिलांमुळे परत कामावर घ्यावे लागले. शिकागो शहराच्या करारात तर शिस्तभंगाच्या पाच वर्षांहून जुन्या नोंदी नष्ट कराव्यात, असे कलम होते. ज्या नोंदींवरून एखाद्याच्या वागण्याची खोड उमगावी, त्याच नोंदी काळाच्या उदरात जाव्यात, अशी ही तरतूद. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये निर्णय दिला की, सार्वजनिक दप्तर जतन करण्याचा कायदा अशा करारापेक्षा श्रेष्ठ आहे.

याच शिकागोत २० ऑक्टोबर २०१४ रोजी लॅक्वान मॅकडोनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन पोलिसांच्या अंगावर धावून आला, असे संघाच्या प्रवक्त्याने त्याच रात्री वृत्तपत्रांना सांगितले, आणि हजर असलेल्या इतर पोलिसांचे अहवालही त्याच सुरात होते. वर्षभराने न्यायालयाच्या आदेशावरून चित्रफीत प्रसिद्ध झाली. मुलगा पोलिसांपासून बाजूला चालला होता, असे तीत स्पष्ट दिसले. गोळ्या झाडणाऱ्यास २०१८ साली खुनाच्या आरोपावरून दोषी ठरविण्यात आले. तत्पूर्वी, जानेवारी २०१७ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने शिकागो पोलिसांवरील आपल्या अहवालात करारातील काही कलमांवर बोट ठेवले होते. चौकशीला अडथळा आणणारी ही कलमे शहराने स्वतः सही करून मान्य केली होती, हे या प्रकरणातील मर्म होय. येथे कुंपणाने शेत खाल्ले, परंतु कुंपणाला तशी मुभा देणारा कागद मालकाने लिहून दिला होता.

येथे पोलिसांची बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. पोलिसाचे काम असे आहे की त्यात कोणीतरी दुखावला जाणारच. अटक झालेला गुन्हेगार सूडाने खोटी तक्रार करू शकतो. मोठ्या घोटाळ्यात वरचे अधिकारी नामानिराळे राहून खालच्या शिपायाचा बळी देतात, हेही अनेकदा घडले आहे. म्हणून त्यालाही न्याय्य चौकशीचा हक्क हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली गॅरिटी या खटल्यात असा निर्णय दिला की, नोकरी जाण्याची धमकी देऊन घेतलेली पोलिसाची जबानी त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही. कोणाही माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू नये, हे तत्त्व पोलिसालाही लागू करणारा हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. वाद या तत्त्वाचा नाही. नोंदी जाळणे, चौकशी लांबविणे आणि निवाडा आपसांत करणे, यांचा त्या तत्त्वाशी काही संबंध पोहोचत नाही.

शिवाय या भिंतीआड प्रामाणिक पोलीसही सुरक्षित नसतो. न्यूयॉर्कचे फ्रँक सर्पिको यांनी सहकाऱ्यांच्या लाचखोरीविरुद्ध वरिष्ठांकडे वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि खात्यात ते एकटे पडले. १९७० साली महापौर लिंडसे यांनी नॅप आयोग नेमला, तो सर्पिको यांनी अखेर वृत्तपत्राकडे धाव घेतल्यानंतर. आयोगाच्या चौकशीत ती लाचखोरी सर्व शहरभर पसरलेली आढळली. दलातील एकजूट हा मोठा गुण आहे, परंतु जी एकजूट अपराध्याला पोटाशी धरते आणि अपराध दाखविणाऱ्याला वाळीत टाकते, तिला बंधुभाव म्हणता येणार नाही.

न्यूयॉर्कच्या तक्रार मंडळाची कथा १९६६ साली संपली नाही. महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी सर्वस्वी नागरिकांचे मंडळ नेमण्याचे ठरविले, तेव्हा १६ सप्टेंबर १९९२ रोजी संघाच्या सभेस आलेल्या सुमारे दहा हजार पोलिसांपैकी अनेकांनी नगरभवनाच्या पायऱ्यांवर धाव घेतली आणि ब्रुकलिन पुलावरची वाहतूक अडवून धरली. कायद्याचे रक्षक कायदा मोडीत असल्याचे ते दृश्य शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिले, आणि १९९३ साली मंडळ अस्तित्वात आले. मात्र शिक्षेचा अखेरचा अधिकार आयुक्तांकडेच राहिला. पुढे २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मृत्यू झाला. त्या पोलिसाविरुद्ध पूर्वी डझनाहून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. थोड्याच दिवसांत तेथील पोलीस प्रमुखांनी संघाशी चाललेल्या कराराच्या वाटाघाटी थांबविल्या. जून २०२० मध्ये न्यूयॉर्कने १९७६ चा गुप्ततेचा कायदा रद्द केला. पोलिसांच्या हक्कांची सनद सर्वप्रथम देणाऱ्या मेरिलँडनेच २०२१ साली राज्यपालांचा नकाराधिकार डावलून ती सर्वप्रथम रद्द केली.

हा इतिहास ऐकून एखादा श्रोता म्हणेल की, मग आपल्या देशाने केले तेच शहाणपणाचे. न्यूयॉर्कमध्ये सार्वमत झाले त्याच १९६६ साली भारताच्या संसदेने पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा केला. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाचा त्याला आधार आहे, आणि सरकारच्या परवानगीवाचून पोलिसांना संघ स्थापता येत नाही. परंतु संघ नसला म्हणजे जबाबदारी आपोआप येते, असा अनुभव नाही. कोठडीतील मारहाणीच्या आणि मृत्यूच्या तक्रारी आपल्याकडेही होत आल्या आहेत. आणि शिपायाच्या मनातील असंतोष तोंड बांधल्याने विरत नाही, याचा दाखला मुंबईने दिला आहे. महाराष्ट्रातील पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली आणि तिच्या पुढाऱ्यांना अटक केली, तेव्हा १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे शिपाई रस्त्यावर आले. गिरणी कामगारांचा संप त्या वेळी चालूच होता. शहरात जाळपोळ आणि लुटालूट झाली, आणि सैन्याला पाचारण करावे लागले. बोस्टनची रात्र त्रेसष्ट वर्षांनी मुंबईच्या दारी आली होती.

विशेष असे की, या दुखण्याचे अचूक निदान त्याआधी तीन वर्षे आपल्या देशातच झालेले होते. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मध्ये आपला पहिला अहवाल सादर केला. शिपायांचे वेतन, त्यांची घरे, साहेबांच्या घरी राबणारे ऑर्डर्ली आणि गाऱ्हाणी निवारण्याची यंत्रणा यांचा विचार त्यात आहे. पोलिसांविरुद्धच्या नागरिकांच्या तक्रारींची चौकशी कशी व्हावी, याचाही विचार त्याच अहवालात आहे. दोन्ही विषय एकाच बांधणीत, परंतु निरनिराळ्या प्रकरणांत. प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी जे आदेश दिले, त्यांचाही घाट असाच आहे. बदल्या आणि नेमणुका राजकारण्यांच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून खात्यांतर्गत मंडळ असावे, आणि नागरिकांसाठी राज्य व जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तक्रार प्राधिकरण असावे. शिपायाला एक दार आणि नागरिकाला दुसरे, अशी ही योजना आहे. तिची अंमलबजावणी निरनिराळ्या राज्यांत कमीअधिक आणि बहुधा रेंगाळत झाली, ही खेदाची गोष्ट होय.

बोस्टनपासून मिनिआपोलिसपर्यंतच्या इतिहासाचा निष्कर्ष मला या दोन दारांत दिसतो. वेतन, कामाचे तास, घर, रजा आणि निवृत्तिवेतन हे विषय मालक आणि नोकर यांच्यातले आहेत. त्यांवर शिपायाने संघटित होऊन बोलावे, आणि सरकारने त्याचे ऐकावे. पण शिपायाने नागरिकावर उचललेला हात हा त्या दोघांतला व्यवहार नाही. त्याचा हिशेब ज्याच्या अंगावर तो हात पडला त्या नागरिकाला देणे आहे, आणि ज्याची ती ठेव नाही त्याने ती वाटाघाटीत खर्च करता कामा नये. अमेरिकेने ही दोन खाती एकाच वहीत मांडली आणि अर्धशतक त्याचे व्याज भरले. १९१९ च्या शिपायांना बिनढेकणांचा बिछाना आणि ऐकून घेणारा वरिष्ठ हवा होता. तो त्यांना वेळीच मिळाला असता, तर त्यांच्या नातवंडांनी इतकी उंच भिंत बांधली असती काय, या प्रश्नाचा विचार दोन्ही बाजूंनी, गणवेशात असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही, अवश्य करावा.